ऑनलाइन खरेदीची तक्रार : कंपनीकडे कशी करावी, आयोगाकडे कधी न्यावी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला राहणाऱ्या माझ्या बहिणीने ऑनलाइन मागवलेला मिक्सर आठव्या दिवशी चटणी वाटताना जळका वास सोडून बंद पडला. ॲपवर पाहिले, तर वस्तू परत करण्याचे बटण नाहीसे झाले होते, कारण परतीची मुदत सात दिवसांची होती. ग्राहक सेवेला फोन केला, तेव्हा पलीकडच्या मुलीने आदराने, पण ठामपणे, ‘मॅडम, रिटर्नची मुदत संपली आहे’ हे एकच वाक्य तीनदा ऐकवले. बहीण मिक्सर माळ्यावर टाकायला निघाली होती. मी तिच्याकडून बिल मागून घेतले आणि सावकाश वाचले. त्यावर विक्रेत्याचे नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक, वस्तू आणि रक्कम एवढेच होते. परतीच्या मुदतीचा एक शब्दही नव्हता. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 असे सांगतो की, सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. एवढाच मुद्दा बिलाच्या प्रतीसह कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहून पाठवला आणि एकोणिसाव्या दिवशी खानापूरच्या घरी नवा मिक्सर पोहोचला.

सात दिवसांची मुदत कंपनीने आपल्या धंद्याच्या सोयीने दिलेली सवलत होती आणि तीस दिवसांचा हक्क संसदेने दिलेला होता. ऑनलाइन खरेदीत ग्राहकाला राखणाऱ्या या दोन वेगवेगळ्या व्यवस्था आहेत आणि दोन्हींचा उपयोग करायचा असतो, हे आपल्या बेळगाव सीमाभागात अजून पुरेसे पोहोचलेले नाही. पहिली व्यवस्था जलद आहे, पण ती कंपनीचा फायदा असेल तोवरच चालते. दुसरी संथ आहे, पण ती कंपनीच्या इच्छेवर अवलंबून नाही. म्हणून तक्रार नेहमी पहिल्या दारातून सुरू करावी, मात्र पहिल्या दिवसापासून प्रत्येक कागद असा जमवावा की उद्या तो दुसऱ्या दारात जसाच्या तसा चालेल.

बाजार कुठवर राखतो

बेळगावच्या गणपत गल्लीतला किंवा खडे बाजारातला जुना दुकानदार रंग गेलेली साडी बदलून देतो, तेव्हा तो कायद्याला भिऊन तसे करत नाही. हे घर पुढच्या दिवाळीलाही आपल्याकडेच आले पाहिजे, हा त्याचा हिशेब असतो. ऑनलाइन मंचांनी, म्हणजे वेगवेगळ्या विक्रेत्यांचा माल दाखवून विकणाऱ्या ॲप-संकेतस्थळांनी, हाच हिशेब यंत्रात बसवला आहे. ग्राहकांनी दिलेले तारे, लिहिलेले अभिप्राय आणि सहज परतावा या तिन्हींचा उद्देश तोच. मोठ्या मंचावरची नेहमीची, मध्यम किमतीची वस्तू असेल, तर ही व्यवस्था खरोखर चांगली चालते आणि बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात. हे मान्य न करता केवळ कायद्याचा आग्रह धरणे मला योग्य वाटत नाही.

पण तिची मर्यादा जिथे लागते, तिथे ती पूर्णच संपते. जो विक्रेता आज एका नावाने विकतो आणि उद्या दुसऱ्या नावाने, त्याला तुमच्या एका ताऱ्याचे भय नसते. शिवाय काही दोष ग्राहकाला दिसतच नाहीत. घरगुती प्रेशर कुकरवर 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, कारण झडप किंवा झाकण सदोष असेल तर तो कुकर फुटू शकतो. तरीही असे चिन्ह नसलेले कुकर ऑनलाइन विकले जात होते आणि घेणारे त्यांना तारेही देत होते, कारण पहिल्या महिन्यात डाळ व्यवस्थित शिजत होती. 2022 साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने या प्रकरणी दोन मोठ्या मंचांना प्रत्येकी एक लाख रुपयांचा दंड ठोठावला, विकलेले कुकर परत घेऊन पैसे देण्याचा आणि प्रत्येक ग्राहकाला तसे कळवण्याचा आदेश दिला. त्यांतील एकाच मंचावरून असे 2,265 कुकर गेले होते. इतक्या घरांच्या स्वयंपाकघरातला धोका अभिप्रायांच्या व्यवस्थेला पकडता आला नाही. त्यासाठी तपासणारी आणि आदेश देणारी सत्ताच लागली.

बाजाराच्या आतून ग्राहकाने स्वतःला राखण्याची परंपरा मराठी माणसाला नवी नाही. 1970 च्या दशकात पुण्यात आणि मुंबईत ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली आणि मुंबईत अनेक कुटुंबांनी एकत्र येऊन महिन्याचा किराणा थेट, तपासून, वाजवी दरात घेण्याची पद्धत बसवली. ग्राहक संघटित असेल तर बाजारही सरळ वागतो, हे तिने दाखवले. मोबाइलवर एकट्याने खरेदी करणाऱ्याच्या पाठीशी मात्र तसा संघ नसतो, आणि म्हणून त्याला कायद्याची गरज अधिक आहे.

घेण्याआधी आणि पार्सल आल्यावर

वस्तूच्या पानावर विक्रेत्याचे नाव शोधावे. मंच आणि विक्रेता बहुधा वेगळे असतात. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि ग्राहक सेवेचा क्रमांक ग्राहकाला दिसेल असा देणे मंचावर बंधनकारक आहे. कमाल किरकोळ किंमत आणि वस्तू कोणत्या देशात बनली ही माहितीही तिथे असली पाहिजे. या पानाचे चित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, पैसे भरण्याआधी काढून ठेवावे. आज ‘शुद्ध रेशीम’ असे लिहिलेले पान महिन्याभराने तसेच राहील याची खात्री नसते, आणि वर्णनाप्रमाणे वस्तू नाही असे म्हणायचे झाले तर ते वर्णन तुमच्याजवळ असावे लागते.

पैसे भरण्याच्या पानावर आधीच टिक केलेल्या चौकटी काढून टाकाव्यात. आधीच टिक करून ग्राहकाची संमती गृहीत धरण्यास 2020 च्या नियमांनीच मनाई केली आहे. शेवटच्या पायरीवर अचानक वाढणारे शुल्क, न मागता टोपलीत पडलेला विमा, ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई, अशा तेरा फसव्या रचनांवर प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी बंदी घातली आहे. जून 2025 मध्ये कंपन्यांना आपापल्या ॲपची स्वतःच तपासणी करण्यास सांगण्यात आले. ही अर्धी सरकारी, अर्धी बाजाराची वाट आहे. ज्याची चूक, त्यानेच ती शोधावी अशी तिची मांडणी असल्यामुळे मी तिच्यावर फार विसंबणार नाही.

पार्सल आल्यावर घरातली मंडळी उत्साहाने कात्रीच घेऊन बसतात, तिथेच पुरावा नष्ट होतो. आधी खोका टेबलावर ठेवावा. वरची चिठ्ठी, तिच्यावरचा ऑर्डर क्रमांक आणि चारही बाजूंची चिकटपट्टी मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्पष्ट दिसू द्यावी. त्यानंतर चित्रण न थांबवता खोका उघडावा, वस्तू बाहेर काढावी, तिचा अनुक्रमांक दाखवावा आणि ती चालू करून पाहावी. मध्ये कॅमेरा बंद झाला, तर ‘दरम्यान वस्तू बदलली’ असे म्हणायला समोरच्याला जागा मिळते. कुकर, हीटर, इस्त्री अशा वस्तूंवर आयएसआय चिन्हाबरोबर सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर या ॲपवर टाकून खरा आहे की नाही हे पाहता येते.

मग बिल वाचावे. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षर-अंकांचा असतो आणि पहिले दोन अंक राज्य सांगतात. 29 म्हणजे कर्नाटक, 27 म्हणजे महाराष्ट्र. आपल्याला वाटते की माल बेंगळुरूहून आला, पण बिल 27 ने सुरू होत असेल, तर त्या बिलावरचा विक्रेता महाराष्ट्रात नोंदलेला आहे. नोटीस कोणाच्या नावे आणि कोणत्या पत्त्यावर पाठवायची, हे खोक्यावरच्या मोठ्या चिन्हावरून ठरवू नये. ते या छोट्या ओळीवरून ठरवावे.

कंपनीकडे तक्रार

फोनवर बोलून समाधान मानू नये. तक्रार ॲपमध्ये किंवा ईमेलवर लेखी करावी आणि तिचा क्रमांक घ्यावा. असा क्रमांक देणे नियमाने मंचावर बंधनकारक आहे. ग्राहक सेवेने हात वर केले, की तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला असा अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचे नाव व संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो. त्याने 48 तासांत तक्रारीची पोच दिली पाहिजे आणि एका महिन्यात निवारण केले पाहिजे. आपल्याकडे शंभरातले नव्वद लोक या अधिकाऱ्यापर्यंत पोहोचतच नसावेत असा माझा अनुभव आहे. ते फोनवरच्या मुलाशी भांडून थकतात आणि सोडून देतात. त्या मुलाच्या हातात काही नसते.

मजकूर असा असावा, आणि इंग्रजीत कोणाकडून करून घेतला तर काम लवकर होते :

‘दिनांक … रोजी ऑर्डर क्रमांक … प्रमाणे मी आपल्या मंचावरून … या विक्रेत्याकडून … ही वस्तू रुपये … देऊन घेतली. ती दिनांक … रोजी मिळाली. दिनांक … रोजी तिच्यात … हा दोष आढळला. त्याच दिवशी केलेल्या तक्रारीचा क्रमांक … आहे आणि तिला … असे उत्तर मिळाले. ई-कॉमर्स नियम, 2020 मधील नियम 6 प्रमाणे सदोष किंवा वर्णनाप्रमाणे नसलेली वस्तू परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. पंधरा दिवसांत वस्तू बदलून द्यावी किंवा पूर्ण रक्कम परत करावी. तसे न झाल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. सोबत बिल, वस्तूच्या पानाचे चित्र आणि खोका उघडतानाचे चित्रण जोडले आहे.’

यात राग नसावा, विशेषणे नसावीत, तारखा मात्र सगळ्या असाव्यात. उद्या आयोगासमोर हेच पत्र पहिले जोडपत्र होते.

एक खबरदारी इथे सांगितली पाहिजे. वस्तू आवडली नाही, माप चुकले, दुसरीकडे स्वस्त मिळाली, या कारणांसाठी भारतात कायद्याने परतीचा हक्क नाही. तिथे कंपनीची सवलत हाच एक आधार आहे आणि तिची मुदत पाळावीच लागते. कायदा दोषाला, फसव्या वर्णनाला, बनावट मालाला आणि ठरल्यापेक्षा उशिरा आलेल्या मालाला लागतो. आपली तक्रार या दोहोंपैकी कोणत्या खात्यात बसते हे प्रामाणिकपणे ठरवले, तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

महिना गेला तरी काही झाले नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करावा. ती 17 भाषांत चालते आणि त्यांत मराठीही आहे, कन्नडही आहे. बेळगावातून फोन करून मराठीत बोलण्यात कोणतीच अडचण नाही. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही. ती तक्रार कंपनीकडे पोहोचवते आणि पाठपुरावा करते. नाव जपणाऱ्या कंपन्या तिथे लगेच नरमतात आणि नाव न जपणाऱ्या ढिम्म राहतात.

आयोग, आणि सीमाभागाची एक खास सोय

तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार करता येते. वस्तूसाठी दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ती 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क काहीच नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रार ई-जागृती या पोर्टलवर घरबसल्या भरता येते आणि अर्ज केल्यास सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सवरही होऊ शकते. अथणी किंवा रायबागहून बेळगावला येण्यात ज्यांचा अख्खा दिवस जातो, त्यांनी ही सोय आवर्जून मागावी. समोरच्या पक्षाला उत्तरासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. चाचणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, त्याची मनाची तयारी ठेवावी.

आता आपल्या भागाचा मुद्दा. 1986 च्या जुन्या कायद्यात, ढोबळमानाने, समोरचा पक्ष जिथे असेल किंवा व्यवहार जिथे घडला असेल तिथे जावे लागे. 2019 च्या कायद्यातील कलम 34 ने ग्राहक जिथे राहतो किंवा पोटासाठी जिथे काम करतो, तिथेही तक्रार करण्याचा हक्क दिला. राज्याच्या सीमेवर राहणाऱ्यांना या एका वाक्याचा जितका फायदा आहे, तितका दुसऱ्या कोणाला क्वचितच असेल. निपाणीत राहून कागलच्या औद्योगिक वसाहतीत रोज कामाला जाणारा माणूस बेळगावच्या आयोगाकडे जाऊ शकतो आणि कोल्हापूरच्याही. कोल्हापूर त्याला जवळ आहे आणि तिथे मराठीत लिहिलेली तक्रार चालते. उलट, चंदगडहून बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात येणाऱ्याला कोल्हापूर गाठण्यापेक्षा बेळगाव कितीतरी सोपे. कामाच्या ठिकाणचा पुरावा म्हणून ओळखपत्र किंवा पगारपत्रक जोडावे. बिलाच्या तळाशी ‘न्यायक्षेत्र फक्त बेंगळुरू’ किंवा ‘फक्त दिल्ली’ असे बारीक अक्षरांत छापलेले असते, त्याला घाबरून थांबू नये.

बेळगावच्या आयोगाकडे जायचे असल्यास तक्रार कन्नड किंवा इंग्रजीत तयार करून घेणे व्यवहार्य आहे आणि मराठी कागदांचे भाषांतर सोबत जोडावे. भाषेचा प्रश्न आपल्याला किती जवळचा आहे हे मी जाणतो. तरीही मिक्सरच्या पैशांसाठीचा अर्ज भाषेमुळे अडकून पडू नये, एवढीच इथे कळकळ आहे. पोर्टलवर राज्य कर्नाटक निवडल्यावर जिल्ह्याचे नाव बेळगावी असे शोधावे. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी कागदांत तेच नाव आहे.

बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या हातमाग-यंत्रमागवाल्यांसाठीही दोन शब्द. धंद्यासाठी, पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक कायदा लागत नाही. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेले यंत्र किंवा सुटा भाग असेल, तर घेणारा ग्राहकच ठरतो. आणि तुम्ही स्वतः व्हॉट्सॲपवर नेमाने साड्या विकत असाल, तर हे नियम तुम्हालाही बांधतात; बिल द्यावे आणि साडी जशी आहे तसेच तिचे वर्णन करावे.

पैसा अडकला किंवा विक्रेताच गायब झाला

यूपीआयने पैसे गेले पण दुकानदाराला मिळाल्याची खूण आली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या परिपत्रकाप्रमाणे व्यवहारानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत आली पाहिजे आणि त्यापुढील प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळाली पाहिजे. तुमच्या परवानगीशिवाय, तुमची चूक नसताना, बाहेरच्या कोणी पैसे काढले, तर तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवल्यास तुमच्यावर जबाबदारी येत नाही. हे संरक्षण तुम्ही स्वतः पिन टाकून भामट्याला दिलेल्या पैशांना लागत नाही, आणि नेमका तिथेच लोकांचा गैरसमज होतो.

सोशल मीडियावर अर्ध्या किमतीत पैठणी दाखवून, आगाऊ पैसे घेऊन गायब होणाऱ्यापुढे तारे, परतावा, तक्रार अधिकारी यांतले काहीच चालत नाही. तिथे एक तासही न दवडता 1930 या सायबर गुन्हे क्रमांकावर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. फोन करण्यापूर्वी व्यवहाराचा क्रमांक, ज्या खात्यात पैसे गेले त्याचा यूपीआय पत्ता आणि संभाषणाची चित्रे समोर घेऊन बसावे.

एकाच कंपनीने अनेकांना तसेच फसवले असेल, तर आपल्या तक्रारीची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावी. प्रत्येक जण आपापले पैसे मागत राहिला, तर तो गैरप्रकार थांबत नाही. कायद्याप्रमाणे अशी तक्रार जिल्हाधिकारी किंवा केंद्रीय प्राधिकरण यांच्याकडे देता येते आणि प्राधिकरण सर्व ग्राहकांच्या वतीने चौकशी करू शकते. कुकरच्या प्रकरणात आदेश दिला गेला तो याच प्राधिकरणाकडून.

आयोगाचा निकाल आपल्या बाजूने लागला आणि कंपनीने अपील न करता पैसेही दिले नाहीत, तर निकालाची प्रत घेऊन त्याच आयोगाकडे अंमलबजावणीचा अर्ज करावा. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा किमान 25 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. या अर्जाचा मसुदाही आधीच्या कागदांवरच उभा राहतो; म्हणून बिल, पत्रे आणि चित्रण मोबाइलबरोबरच दुसऱ्या एका जागी उतरवून ठेवावे आणि पैसे हातात पडेपर्यंत त्यातले काहीही पुसू नये.